मधला पट्टा

चंदीगडात कुणा मराठी माणसाला जुनी गाडी घ्यायची असली, की तो बँकेत जायच्या आधी पुरुषोत्तम कवठेकरांना फोन लावायचा. मुलीसाठी स्थळ बघायला जाताना घरातलं जाणतं माणूस सोबत न्यावं, तसे लोक त्यांना न्यायचे. मीही नेलं होतं. माझी लाल गाडी त्यांनीच पसंत केलेली आहे आणि आजही ती कुरकुर न करता चालते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते त्यांना मान खाली घालायला लावणारं आहे, आणि ज्याचं श्रेय त्याला दिलं नाही तर मलाच चैन पडायचं नाही.

कवठेकर मूळचे सांगलीचे. सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत हवेतला दमटपणा मोजणारी उपकरणं तयार करणं ही त्यांची नोकरी, आणि दुसऱ्याच्या कामातली चूक काढणं हा छंद. पंगतीत मीठ वाढायला उभे राहिले, तरी प्रत्येक पानावर चिमूट सारखी पडते ना, हे वाकून बघणारा माणूस. एकोणीस साली कृष्णेला पूर आला तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाची गाडी सांगलीत छपरापर्यंत बुडाली. हे रजा काढून गेले आणि सगळी रजा त्या गाडीतला गाळ उपसण्यात घालवून परत आले. गाडी काही वाचली नाही, पण तिच्या पोटात पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं आणि कुठे दडून बसतं, हे त्यांना पाठ झालं. तेव्हापासून शर्टाच्या खिशात टॉर्च, दातांचे डॉक्टर वापरतात तसला दांडीचा आरसा आणि पांढरा रुमाल ही त्यांची हत्यारं असत.

विकणाऱ्याच्या दारात गाडी उभी असायची, चहा यायचा, आणि हे चहा बाजूला ठेवून जमिनीवर गुडघे टेकायचे. "पाणी जातं, गाळ राहतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडी जुनी आणि आतला गालिचा कोरा करकरीत असेल, तर तो उचलून बघा. अत्तराचा फवारा मारलेला असेल, तर काचा लावून जरा वेळ आत बसा, खालचा कुबट वास वर येतोच. सीट ज्या पट्ट्यांवर मागेपुढे सरकते त्यांच्या बोल्टांना गंज आहे का, दिव्याच्या काचेला आतून पाण्याची रेघ आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती आहे का, हे बघा. बसणाऱ्याचे पट्टे शेवटपर्यंत ओढा, कारण गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही. आणि शेवटी त्यांचा हुकमाचा एक्का, तो म्हणजे मागच्या सीटचा मधला, कमरेचा पट्टा. "तिथे कुणी बसत नाही," ते सांगायचे. "तो कायम सीटच्या फटीत दडपलेला. धुणारा त्याला विसरतो, विकणारा विसरतो, घेणारा तर विसरतोच. तुम्ही विसरू नका."

दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू असतं. बायका आत वाण लुटत असताना पुरुषांना काहीतरी उद्योग हवा, नाहीतर ते नुसते खुर्च्या अडवून बसतात. म्हणून मीच एका वर्षी म्हटलं, कवठेकर, अंगणात तुमचं गाड्यांचं व्याख्यान होऊन जाऊ द्या. ते इतकं रंगलं की तशी प्रथाच पडली. कुणाची तरी गाडी मध्ये उभी करायची आणि कवठेकरांनी ती उघडून दाखवायची. इथेच वाढलेली आमची मुलं, ज्यांना मराठी कळतं पण उत्तर हिंदीतून येतं, तीसुद्धा 'अंकल का पट्टेवाला लेक्चर' ऐकायला घोळका करायची. कवठेकर मग आणखी खुलायचे. स्तुती कुणाला आवडत नाही, पण त्यांना ती जरा जास्तच आवडायची.

तेवीसच्या जुलैत आमच्याकडे आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. कवठेकर राहतात झिरकपूरला, तळघरात पार्किंग असलेल्या एका सोसायटीत. त्या सकाळी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लांबलचक सूचना टाकली. तळघरातल्या गाड्या ताबडतोब वर काढा, पाणी शिरलंच असेल तर चावी फिरवू नका, बॅटरीची तार सोडवा. मग फोनवर फोन सुरू झाले. मलाही त्यांनीच गाडी उंचावर न्यायला लावली. एकाला तर ते व्हिडिओ कॉलवर तार कशी सोडवायची ते दाखवत बसले. सुजाता, म्हणजे त्यांची बायको, मधूनमधून म्हणत होती, "अहो, आपली गाडी."

"हा एवढा फोन झाला की जातोच," ते म्हणत होते.

फोन संपवून खाली गेले, तर तळघराच्या पायऱ्याच पाण्याखाली. त्यांची चंदेरी गाडी कुठे उभी होती हे त्यांना माहीत होतं, पण दिसत काही नव्हतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हे. पण यात हसण्यासारखं असलं तरी लाजण्यासारखं काही नव्हतं, असं मला आजही वाटतं. माणूस दुसऱ्यांच्या गाड्या वाचवता वाचवता आपली विसरला, यापेक्षा चांगली बातमी मंडळाला मिळाली नसती. आम्ही त्यांना डोक्यावर घेऊन नाचलो असतो. लाजण्यासारखं झालं ते दुपारी. ग्रुपवर "कवठेकर, तुमच्यामुळे वाचलो" असे संदेश येत होते. आमचे अध्यक्ष विश्वास देवस्थळी यांनी विचारलं, तुमची गाडी सुखरूप ना? कवठेकरांनी लिहिलं, "अर्थात. पहाटेच वर काढली होती."

सुजाता शेजारीच होती. ती माझी मैत्रीण, आणि घरातल्या या गोष्टी मला तिनंच पुढे सांगितल्या.

"असं का लिहिलंत?" तिनं विचारलं.

"सांगलीचा माणूस, पुराचा तज्ज्ञ, आणि त्याचीच गाडी बुडाली. जन्मभर हसतील," ते म्हणाले.

एवढंसं खोटं, पण मग त्याला सांभाळत बसावं लागलं. विम्याची भरपाई मागायची तर पाहणीला माणूस येणार, आणि पुण्याला गेलेलं सोसायटीतलं दुसरं मराठी कुटुंब परत आलं की ती बातमी त्यांच्या कानावर, म्हणजे मंडळाच्या कानावर जाणार. म्हणून भरपाई मागितली नाही. पंजाबी शेजाऱ्यांच्या स्वतःच्याच गाड्या बुडालेल्या, त्यांना कुणाकडे बघायला सवड नव्हती. पाणी उपसलं गेल्यावर कवठेकरांनी गाडी ओढून थेट अंबाल्याला नेली, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. गॅरेजमध्ये ते स्वतः उभे राहिले. गालिचा बदलला, बोल्ट बदलले, दिवे बदलले, चारही जागांचे पट्टे बदलले. स्टेपनीचा खड्डा त्यांनी स्वतःच्या हातानं टूथब्रशनं घासला. मागच्या सीटपाशी आल्यावर मिस्त्रीनं विचारलं, "ये बीचवाली बेल्ट भी बदल दूँ, जी?"

"रहने दो," कवठेकर म्हणाले.

तो पट्टा का राहू दिला, हे त्या वेळी त्यांनाही सांगता आलं नसतं.

गाडी चालू झाली, पण भिजलेल्या तारा काही सुकल्या म्हणून शहाण्या होत नाहीत. त्या आतून हळूहळू कुजतात आणि कधीतरी दगा देतात. हे कवठेकरांइतकं कुणाला माहीत होतं? ते गाडी लांब नेईनात. मंडळाच्या सहलीला दुसऱ्याच्या गाडीत बसून यायला लागले. रोज संध्याकाळी खाली जाऊन नुसतं इंजिन चालू करून बघायचे आणि वर यायचे. चोराच्या मनात चांदणं. कुणी त्यांच्या गाडीचं नाव काढलं तरी ते विषय बदलायचे, आणि आम्ही समजायचो की हे विनयानं.

पुढच्या वर्षी स्वराली मंडळात यायला लागली. मिरजेची मुलगी, इथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत शिकणारी आणि शिकता शिकता राबणारी डॉक्टर. सांगली आणि मिरज म्हणजे एकाच अंगणातली दोन घरं, त्यामुळे कवठेकर तिचे लगेच काका झाले आणि सुजाता काकू. तिला गाडी हवी होती. पुरानंतर बाजारात धुऊनपुसून उभ्या केलेल्या बुडालेल्या गाड्यांचा सुकाळ झालेला, म्हणून काका प्रत्येक ठिकाणी सोबत जायचे. सेक्टर चौतीसमध्ये क्लास चालवणाऱ्या एका सरांची गाडी तिला फार आवडली होती. काकांनी मागचा मधला पट्टा फटीतून ओढून पांढऱ्या रुमालावर घासला, रुमालावर मातकट डाग उमटला, आणि दोघं चहा न पिता निघून आले. पंचकुल्याच्या एका गाडीचंही तसंच. दोन्ही वेळा त्यांनी त्या पोरीला वाचवलं, आणि दोन्ही वेळा घरी येऊन ते गप्प बसून राहिले, असं सुजाता सांगते.

गणपतीत आरती झाल्यावर सगळे प्रसादाला बसले होते. स्वराली सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, तुम्ही सगळ्या गाड्या नापास करता. मग तुमचीच द्या की मला. तुम्ही घ्या आता नवी."

लोक हसले. देवस्थळी म्हणाले, "सोन्याहून पिवळं! कवठेकरांची गाडी म्हणजे तपासलेलीच." मीही मान डोलावली. मी तर म्हटलं की एवढी पक्की गाडी बाहेर जाण्यापेक्षा आपल्या मुलीच्या हातात गेलेली बरी.

एक 'नाही' पुरलं असतं. नाही म्हणायला कारणही लागलं नसतं. पण सगळे बघत होते, आणि भीड भिकेची बहीण. कवठेकर म्हणाले, "बघू." प्रसाद संपेपर्यंत ते 'बघू' ठरलेलं झालं होतं.

दसऱ्याला गाडी द्यायची ठरली. स्वराली झेंडूची माळ आणि नारळ घेऊन झिरकपूरला आली. कवठेकर तिला म्हणाले, "आधी सगळं तपासून घे. मी शिकवलंय तसं." ती नुसती हसली. ते पुन्हा म्हणाले, "अगं, घेणाऱ्यानं बघायचंच असतं." त्यांनी स्वतः मागचं दार उघडलं आणि सीटच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. फट त्यांच्या बोटांखाली होती.

"काका, आता तुमची गाडी तपासू?" स्वराली म्हणाली. "उद्या आईच्या हातचं जेवताना पण हुंगून बघू काय?"

तिनं माळ घातली, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि वाकून दोघांना नमस्कार केला. कवठेकरांचा पाय जरासा मागे सरकला, पण ते बाजूला झाले नाहीत.

गाडी फाटकाबाहेर गेली. वर आल्यावर सुजाता म्हणाली, "विकलीत ते विकलीत. तिचा नमस्कार कसा घेतलात?"

त्या दिवशी श्रीखंड तसंच फ्रीजमध्ये राहिलं. मला हे सांगताना सुजाता रडली. म्हणाली, "त्यांना बोलले, पण तोंड तर मलाही होतं ना. खाली उभी होते, नारळाचा तुकडा हातात होता, आणि गप्प बसले." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

जानेवारीत स्वरालीचे आईवडील मिरजेहून आले. अंबाल्याला उतरले, आणि ही त्यांना आणायला सकाळी गाडी घेऊन गेली. इकडचं धुकं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, पुढच्या गाडीचा दिवा दिसला तर ती आहे, नाहीतर नाही. वडील पुढे बसले. मागे एका बाजूला ज्वारीच्या पिठाची आणि हळदीची पिशवी, दुसऱ्या बाजूला लोणच्याच्या बरण्या, आणि त्या कलंडू नयेत म्हणून दोन्हीवर एकेक हात ठेवून आई मध्ये बसल्या. स्वराली अपघातातली माणसं रोज बघणारी, ती पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवत नाही. आईंनी फटीत हात घालून मधला पट्टा ओढून काढला. त्यांच्या शालीवर वाळलेल्या मातीच्या खपल्या पडल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा गाळ हितं कुठनं आला?"

स्वरालीनं मागे वळून पाहिलं. तिनं तेव्हा काही बोलायचं नाही असं ठरवलं. झिरकपूर थोडं राहिलेलं असताना गाडीचे सगळे दिवे गेले. मग इंजिन गेलं. मोठ्या रस्त्याच्या मधोमध, त्या धुक्यात, काळोख्या डब्यासारखी गाडी उभी राहिली आणि मागून ट्रकचा हॉर्न जवळ येत गेला. ट्रकवाला सरदारजी सावध होता म्हणून शेवटच्या क्षणी त्यानं वळवून घेतला. त्यानंच मग खाली उतरून गाडी कडेला ढकलायला मदत केली आणि सगळ्यांना चहा पाजला.

घरी पोचल्यावर स्वरालीनं पहिला फोन काकांना केला. कवठेकरांनी ही गाडी पूर्वी एका फौजी अधिकाऱ्याकडून जुनीच घेतली होती, हे तिला माहीत होतं. तिनं आपल्या मनाशी हिशेब लावून टाकला होता. "काका, तुम्हालाच फसवलं हो त्या माणसानं," ती म्हणाली. "तुम्ही पूरगाडीच घेतली होती आणि तुम्हाला कळलंच नाही."

कवठेकर "हं" म्हणाले. एवढंच.

त्या 'हं'वर मंडळानं इमारत उभी केली. ग्रुपवर सांत्वनाचे संदेश आले. चुकतं माणसाचं, तज्ज्ञ झाला म्हणून काय झालं. देवस्थळींनी फुलांचं चित्र टाकलं. मी चेष्टा केली, गुरुजींनाच गंडा, म्हणून. स्वरालीनं लिहिलं, काकांना कुणी काही बोलू नका, त्यांना आधीच वाईट वाटत असेल. ते वाचून कवठेकरांनी फोन पालथा ठेवला.

"चला, आता तुम्ही बिचारे झालात," सुजाता म्हणाली.

हा मार्ग आयता होता. मूर्ख ठरायचं आणि सुटायचं. ज्या हसण्याला घाबरून ते पहिलं खोटं बोलले होते, ते हसणं आता त्यांना वाचवायला आलं होतं. ते सुजाताला म्हणाले की राहू दे असंच, पैसे परत करू आणि विषय संपवू. सुजाता हळदीकुंकवाची तयारी करत राहिली.

रविवारी मंडळाच्या हॉलच्या अंगणात ऊन पडलं होतं. धुक्यानंतरचं ऊन म्हणजे आमच्याकडे सणच, म्हणून बायकाही आज आत न जाता अंगणातच रेंगाळत होत्या. कवठेकर मागे उभे होते. यंदा व्याख्यान नको, असं त्यांनी देवस्थळींना कळवलं होतं. तेवढ्यात फाटकातून ती चंदेरी गाडी आत आली. स्वरालीनं मेकॅनिककडून ती तात्पुरती चालू करून घेतली होती. सोबत तिचे आईवडील.

"काका, यंदा आपल्याच गाडीवर दाखवा," ती म्हणाली. "खरीखुरी पूरगाडी आहे. लोकांना कळेल तरी, किती सफाईनं करतात ते."

तिच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. तिला वाटलं होतं की यामुळे काकांचा मान परत मिळेल.

लोकांनी कडं केलं. कवठेकर पुढे आले. टॉर्च त्यांच्या खिशात होताच. त्यांनी गाडीचं दार उघडलं, गालिच्याची कड उचलली आणि म्हणाले, "हा गालिचा बघा. गाडी जुनी, गालिचा नवा."

"त्या फौज्यानं बदलला असेल," देवस्थळी म्हणाले. "कधी बुडाली असेल हो ही? तुम्ही घ्यायच्या जरा आधी?"

कवठेकर गालिच्याची कड धरून वाकले होते. ते तसेच वाकलेले राहिले.

"तेवीसच्या जुलैत," ते म्हणाले.

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. लोक मनातल्या मनात वर्षं मोजत होते. स्वराली म्हणाली, "पण काका, तेव्हा ती तुमच्याकडे होती."

"हो."

आपल्या लोकांत कुणी ओरडत नाही, नुसतं ऐकत राहतात, आणि ते जास्त वाईट. कवठेकर सरळ झाले. आता थांबावं की पुढे बोलावं हे न कळून ते व्याख्यान असल्यासारखे पुढे बोलत गेले. "हा गालिचा मी अंबाल्यात बदलला. सीटखालचे हे बोल्ट बदलले. दिवे बदलले. स्टेपनीचा खड्डा मी घासला. माणसं जिथे जिथे बघतात तिथे तिथे मी बदललं. कुठे बघतात ते मला माहीत होतं, मीच शिकवलेलं होतं."

त्यांचे कान लाल झाले होते. साठीकडे झुकलेला माणूस, फळ्यासमोर उभ्या केलेल्या मुलासारखा दिसत होता. मला त्यांची लाज वाटली, आणि तिथे उभी राहून ते बघते आहे म्हणून माझीही वाटली. नजर कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून मी हातातल्या हळदीकुंकवाच्या करंड्याकडे बघत राहिले.

स्वराली मागच्या दारापाशी गेली. तिनं फटीत हात घातला आणि मधला पट्टा बाहेर ओढला. मातकट, ताठ झालेला.

"हा राहिला तुमच्याकडून?" तिनं विचारलं.

"राहिला नाही. ठेवला."

"का?"

"तू ओढशील म्हणून," ते म्हणाले. "आणि तू ओढणार नाहीस, हेही मला माहीत होतं."

स्वरालीनं पट्टा सोडून दिला. तिचा आवाज चढला नाही. "काका, आई मध्ये बसली होती," एवढंच ती म्हणाली आणि आईचा हात धरून हॉलमध्ये गेली.

बाकीचेही एकेक करून आत गेले. तिळगूळ वाटला गेला. कवठेकरांना कुणी दिला नाही असं नाही, ते तिथे थांबलेच नाहीत. रिक्षा मिळेपर्यंत ते फाटकाबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे होते, आणि सुजाता त्यांच्यापासून दोन हात अंतरावर.

त्यांनी गाडी परत घेतली, पैसे परत दिले, आणि ती पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून भंगारात मोडायला दिली. ग्रुपमधून स्वतःच बाहेर पडले. त्यांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. फक्त फोन बंद झाले. झिरकपूरच्या वाहतुकीतून ते आता बसनं प्रयोगशाळेत जातात. गणपतीला आले होते, शेवटच्या रांगेत बसले आणि आरती संपायच्या आत उठून गेले. मंडळात आता कुणी जुनी गाडी घेतली की दुसरा विचारतो, "मधला पट्टा ओढलास का?" हे त्यांच्याच तोंडचं वाक्य आहे, पण त्यांचं नाव कुणी घेत नाही.

परवा मला स्वरालीचा फोन आला. "मावशी, रविवारी एक गाडी बघायला येता? काकांना पण बोलावलंय."

मला खरं वाटेना. "कुठल्या काकांना?"

"गाड्या त्यांनाच कळतात," ती म्हणाली.

सेक्टर चौतीसच्या पार्किंगमध्ये आम्ही पोचलो तेव्हा कवठेकर आधीच येऊन थोड्या अंतरावर उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी नमस्कार केला, पण "मीनाक्षीताई" म्हणाले नाहीत. विकणारा तरुण बोलघेवडा होता. "अंकल जी, पाणी तो इसने देखा ही नहीं, पक्का," असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. कवठेकरांनी गुडघे टेकले. गालिचा, बोल्ट, दिवे, आरसा, रुमाल. पूर्वी ते काम करताना बोलायचे, आता एक शब्द बोलले नाहीत. बराच वेळ गेला. मग उठून हात पुसत ते हळूच म्हणाले, "चांगली आहे. घे."

पूर्वी त्यांच्या एवढ्या शब्दांवर सौदा व्हायचा. स्वराली म्हणाली, "टॉर्च धरता काका?"

आणि ती त्यांच्याच जागी गुडघ्यावर बसली. पहिल्यापासून. गालिचा उचलला, बोल्टांवरून नख फिरवलं, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घालून बोटं उन्हात धरून बघितली. जे जे त्यांनी बघितलं होतं ते ते तिनं त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा बघितलं, घाई न करता, आणि कवठेकर तिच्या हाताबरोबर टॉर्च सरकवत राहिले. विकणारा तरुण माझ्याकडे बघून हसला, यांचा एकमेकांवर भरवसा नाही का, अशा अर्थानं. मी दुसरीकडे बघितलं.

शेवटी ती उठली आणि गुडघे झटकले. कवठेकरांनी घसा खाकरला. "मधला पट्टा राहिला," ते म्हणाले.

"तो ओढलाय," स्वराली म्हणाली. "तुम्ही यायच्या आधी, काल येऊन."

कवठेकरांनी मान हलवली. टॉर्च बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि भर उन्हात तो तसाच त्यांच्या हातात जळत राहिला.